वाट बुजवताना

आई, तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो भिंत धरून चालत होता. पडला की आधी तुझ्या तोंडाकडे बघायचा. तू हसलीस तर उठायचा, तू घाबरलीस तर रडायच्या तयारीत असायचा. तू कधी घाबरली नाहीस. त्यानंतर थोड्याच महिन्यांत तू गेलीस, आणि जाताना तुला वाटलं असेल की नातू आता चालायला लागला, पुढचं सगळं होईल. बरंचसं झालंही. शाळा झाली, इंजिनिअर झाला, बेंगळूरला नोकरी लागली, चष्मा लागला, माझ्यापेक्षा हातभर उंच झाला. दोन पावसाळ्यांपूर्वी तो दांडेलीच्या पुढच्या डोंगरात मित्रांबरोबर चालायला गेला आणि एका घळीत पडून मेला. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. बोलताना सगळे 'गेला' म्हणतात, मीही तसंच म्हणते. तू असतीस तर 'मेला' म्हणाली असतीस. दवाखान्यातून घरी आल्यावर तू अप्पांना सांगायचीस, आज सात नंबरचा पेशंट मेला, आणि मला त्या शब्दाचा राग यायचा.

कसं झालं ते सांगते, कारण तू पहिल्यांदा तेच विचारलं असतंस. पाऊस ओसरत आला होता. तिघं मित्र होते. डांबरी रस्ता संपतो तिथं एक लहानशी वाडी आहे आणि वाडीच्या मागून एक जुनी पायवाट डोंगराच्या कडेकडेनं पलीकडच्या गावाला जाते. पूर्वी वाडीतले लोक त्या वाटेनं बाजाराला जायचे. पुढे दुसऱ्या बाजूनं रस्ता झाला, बस आली, आणि वाट सुटली. मग शहरातली मुलं पाठीला पिशव्या लावून तिच्यावरून चालायला येऊ लागली. अर्ध्या वाटेवर एक घळ लागते. वरून येणाऱ्या पाण्यानं त्या जागी वाटेखालची सगळी माती धुऊन नेली होती आणि वर नुसतं गवत उरलं होतं. बघणाऱ्याला वाट दिसायची, पण खाली काही नव्हतं. तो पुढं चालत होता. मागचा मित्र मला म्हणाला, "काकू, तो ओरडलासुद्धा नाही. काहीतरी सांगत होता, आणि सांगता सांगता आवाज थांबला."

मी तेव्हा वर्गावर होते. मुख्याध्यापक स्वतः दारात येऊन उभे राहिले. ते कधी असे येत नाहीत, म्हणून मुलं एकदम गप्प झाली. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा हे बाहेरच्या बाकावर बसले ते बसलेच. मी आत गेले. आत जाण्याआधी नळावर हात धुतले. का धुतले ठाऊक नाही, तू आम्हाला लावलेली सवय. त्याच्या नखांत तांबडी माती भरलेली होती, सगळ्या दहा नखांत. म्हणजे कुठंतरी त्यानं धरायचा प्रयत्न केला होता. हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. त्याचा रेनकोट एका पिशवीत घालून दिला. नवाच होता, हलका, घडी केली तर मुठीत मावेल असा. मला सुभाष रोडवरून तू आणलेला माझा रेनकोट आठवला, निळा, जाड, घोट्यापर्यंत येणारा. "वाढशील की," म्हणाली होतीस. मी काही तेवढी वाढले नाही. कॉलेजपर्यंत तो मला मोठाच राहिला, आणि त्यामुळे मी कधी भिजले मात्र नाही. दवाखान्याच्या त्या पायऱ्यांवर मला असलं काहीतरी आठवत होतं, आई. रडायला फार नंतर आलं.

तुझी गोष्ट तू कधी सांगितली नाहीस. तुझा थोरला, आपला आण्णा, गेला तेव्हा मी चौथीत होते. त्याला ताप चढला, मान ताठ झाली, आणि तुझ्याच दवाखान्यात, तुझ्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या कॉटवर तो मेला. तू ड्यूटीवर होतीस. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू पांढरी साडी नेसून, केस बांधून निघालीस. आत्या म्हणाली, "वैनी, बदली तरी मागून घ्या. त्याच वॉर्डात कशा उभ्या राहणार?" तू म्हणालीस, "उभी राहीन." एवढंच. तुला ड्यूटी करताना मी नंतर पाहिलंय. डबा पोचवायला यायचे तेव्हा दारातून दिसायचीस. त्या कॉटवर दुसरंच कुणाचं तरी पोर असायचं आणि तू त्याच्या तोंडात थर्मामीटर धरून खिडकीबाहेर बघत असायचीस. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तुला विचारलं, "तिथं जाऊन तुला काही होत नाही का गं?" तू तव्यावरून मान वर केली नाहीस. "भाकरी करपायला लागलीय, सरक तिकडं." आणि मला कोपरानं बाजूला केलंस. मला ते लागलं. पुढं कितीतरी वर्षं मी धरून चालले की तेच तुझं उत्तर. आता वाटतं, तू उत्तर टाळलं नव्हतंस. तुझ्याकडे ते नव्हतंच.

मीही तिथंच गेले, आई. थंडी सुरू झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, मला ती जागा बघायची आहे. हे म्हणाले, "काय आहे तिथं बघायला? नको. मी येणार नाही आणि तूही जायचं नाही." मग मी शाळेतून परस्पर रजा काढून बसनं गेले. वाडीच्या तोंडाशी वनखात्याचा रक्षक बसलेला होता, त्यानं अडवलं. एकटीला सोडता येणार नाही म्हणाला. मी कोण ते मी सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलंही नाही. म्हणाला, "हुबळीची काही माणसं महिन्यातून एक रविवार वाट दुरुस्त करायला येतात. त्यांच्याबरोबर या, मग कुणी अडवणार नाही." असं माझं सुरू झालं. लोकांना वाटतं की मी काही ठरवून, कुणाची पोरं वाचवायला म्हणून त्या कामात शिरले. मला फक्त आत जायचं होतं.

आठ-दहा माणसं असतात. कुणी जुन्या हुबळीतला दुकानदार, कुणी कॉलेजातली मुलगी, आणि सगळ्यांना घेऊन येणारे एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, साठी उलटलेले, कानडी. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात कोयता दिला आणि घाणेरीचं झुडूप दाखवलं. घाणेरी वाटेवर दोन्ही बाजूंनी झेपावते, तिचे काटे हाताला ओरखडे काढतात आणि तिचा वास घरी आल्यावरही बोटांना राहतो. नुसती कापून भागत नाही, मुळासकट उपटावी लागते. पुढच्या महिन्यात मी चर काढायला शिकले. पाऊस पडला की पाणी वाटेवरूनच धावतं आणि वाटच खाऊन टाकतं, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर वाटेत तिरका दगड बसवून पाण्याला बाजूला उतरवून द्यायचं. सोपं वाटतं. दगड पहारीनं हलवताना कंबर मोडते. शाळेत मी पोरांना उताराचं गणित इतकी वर्षं शिकवत आले, पण पाणी कुठं वळेल ते मला उकिडवं बसून, जमिनीला गाल लावून बघावं लागलं. जळवा चढायच्या. संध्याकाळी बसमध्ये पाय सुजलेले असायचे. आणि त्या सगळ्या दिवसांत घळ अजून पुढंच होती. आम्ही वाडीकडून काम करत करत थोडे थोडे तिच्याकडे सरकत होतो.

वाडीत एक बाई आम्हाला चहा करून द्यायची. वय माझ्याएवढंच. तिची बोली आपल्या मराठीपेक्षा वेगळी, निम्मी कोंकणी, पण कळायची. एका दुपारी बाकीचे पुढं गेले होते आणि मी पायातला काटा काढायला तिच्या ओट्यावर थांबले. तिनं सुई आणून दिली आणि आपणहून बोलायला लागली. "तिकडं संभाळून जा गे बाई. गेल्या पावसात एक पोर पडलं."

मी म्हटलं, "हो?"

"उंच होता. चष्मा होता डोळ्याला. इथंच बसून पाणी प्याला, तू बसलीस ना, तिथंच. दोघं मित्र तांब्या-पेले तसेच टाकून उठले. यानं तिघांचे पेले विसळले आणि पालथे घातले. मी म्हटलं, ठेव रे, मी करते. तर म्हणाला, मावशी, घरी आई ओरडते." ती हसली. "आमच्या लोकांनीच वर काढला त्याला. माझ्या घरवाल्यानं खांदा दिला. त्या दिवसापासून तो त्या वाटेला गेला नाही. मुळीच जात नाही. नीट वाढवलेलं पोर होतं, बाई. आईनं कसं सोसलं असेल काय माहीत."

मी पायातला काटा काढत राहिले. काटा निघाला होता, तरी सुई टोचत राहिले. मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला जवळ घेतलं असतं, आणि मग मला पुढं चालता आलं नसतं. आणि दुसरंही एक होतं. घरातून निघाल्यानंतरच्या त्याच्या त्या शेवटच्या सकाळचं हे एवढंच मला मिळालेलं होतं, आणि ते मला काही वेळ एकटीला हवं होतं.

उन्हाळ्यापर्यंत आम्ही घळीपाशी पोचलो. तिथं पायऱ्या बसवायच्या ठरल्या. कंबरेला दोर बांधून काम केलं. मी खाली बघितलं. बघितलंच मी. मग दगड घेतला. त्या पायऱ्यांतल्या वरच्या पायऱ्या मी बसवलेल्या होत्या. चहूकडून लहान दगड ठोकून पक्क्या केल्या, वर उभी राहून उड्या मारून पाहिल्या. आमचे कानडी गृहस्थ म्हणाले, "साक्री अक्का, साक्री, पुरे झालं, हत्ती चालला तरी हलणार नाही." त्या संध्याकाळी, बसची वाट बघताना, मी त्यांना सांगितलं की तो माझा मुलगा होता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि बस येईपर्यंत तशीच धरून उभे राहिले.

पुढचा पावसाळा आला आणि पायऱ्या गेल्या. नुसत्या पायऱ्या नव्हेत, त्यांच्यासकट डोंगराचा तो सगळा तुकडा खाली सरकला. दोन-तीनच उरल्या, वरच्या टोकाच्या, माझ्या. वनखात्याची एक तरुण अधिकारी मुलगी आम्हाला भेटायला आली. तिनं समजावून सांगितलं की तिथला डोंगरच हलता आहे, वाट आहे म्हणून पाणी तिथं धरतं आणि माणसं आली की माती अजून सुटते. वाट कायमची बंद करायची. नुसता फलक लावून उपयोग नाही, लोक ओलांडून जातात. वाट दिसताच कामा नये. तुडवून घट्ट झालेली जमीन पहारीनं फोडायची, दगड उखडायचे, वर फांद्या पसरायच्या, कारवी आणि जांभळाची रोपं लावायची, म्हणजे चार-पाच वर्षांत रान ती जागा परत घेईल. आमच्यापैकी कोण कोण येणार, असं तिनं विचारलं.

मी येणार नाही म्हटलं. सगळ्यांसमोर भांडले. म्हटलं, इतकं केलं ते काय मोडायला? वरच्या अंगानं वळसा घालून नेऊ, मी दर रविवारी येते, हवं तर एकटी येते. आमचे गृहस्थ ऐकून घेत होते. मग कानडीतून हळू म्हणाले, "अक्का, आपण परत बांधू. मी पण येईन. पुढच्या पावसात ती परत जाईल, आणि त्यावेळी वर गवत असेल. मग कुणाचं पोर?" मी तिथून उठून गेले. नाल्यावर जाऊन बसले. तो जिथं होता तिथं जाणारी ती एकच वाट होती, आई, आणि ती माझ्याच हातानं पुसायची होती. माझा राग त्यांच्यावर नव्हता, त्या मुलीवरही नव्हता. ती बरोबर सांगत होती, याचा राग होता.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. मला वाटलं होतं म्हणतील, बरं झालं, सुटलीस. हे टीव्हीकडे बघत राहिले. आवाज बंद होता. मग म्हणाले, "म्हणजे नंतर मला जायचं झालं तरी जाता येणार नाही?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मग या वेळी मी येतो."

तर आम्ही दोघं गेलो. वाडीतल्या बाईला मी त्या दिवशी सांगितलं मी कोण ते. तिनं तोंडावर पदर धरला आणि आत निघून गेली, आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. हे वाटेवर अडखळत नव्हते, पण प्रत्येक पाऊल टाकून बघून मग वजन टाकत होते. घळीपाशी आलो. "इथंच?" त्यांनी विचारलं.

"इथंच."

ते वाकून बघू लागले. मी त्यांच्या शर्टाचा काठ धरला होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "झाडी आहे की." मला आधी कळलं नाही. मग कळलं. इतके दिवस त्यांनी डोळ्यांसमोर नुसता कातळ बघितला होता, उघडा, उन्हातला. तिथं झाडी होती, सावली होती, नेच्यांची पानं हलत होती, आणि ते या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी कुठं सांगितलं? ह्यांनी माझ्या हातातली पहार घेतली आणि वाट फोडायला लागले. आयुष्यात कधी कुदळ न धरलेला माणूस. दगडावर पहार आपटत होते, ठिणग्या उडत होत्या, चष्मा नाकावरून घसरला तरी थांबेनात. एकदा नुसते "अरे... अरे..." म्हणाले, मुलाला लहानपणी रागावताना म्हणायचे तसे. मग आमच्या गृहस्थांनी मागून येऊन पहार धरली आणि "साक्री, साक्री" म्हणत त्यांना खाली बसवलं. हात सोलवटले होते. मी माझ्या पायऱ्या स्वतः उखडल्या. पक्क्या बसवल्या होत्या, वेळ लागला. मग आम्ही सगळ्यांनी मिळून कापलेल्या फांद्या ओढून आणल्या आणि घळीकडून मागं मागं सरकत वाट झाकत आलो. दुपार कलली तेव्हा मी वळून पाहिलं. कुठून आलो ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

आता ह्यांची तब्येत बरी आहे. बोलतात थोडं, खातात. आमच्यात त्या दिवसाचा विषय निघत नाही. पुढच्या महिन्यात रविवार आला आणि मी डबा भरायला लागले तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. "आता कुठं? ती वाट तर झाकली ना?" मी म्हटलं, दुसरी एक आहे, अंशीच्या बाजूला, तिथं कामाला माणसं कमी पडतात. ते म्हणाले, "तुझं संपणार नाही म्हणजे." रागानं नाही, दमून म्हणाले. शाळेतल्या बायका म्हणतात, किती करता हो तुम्ही, त्याच्यासाठी. मी मान हलवते.

त्या दुसऱ्या वाटेला तो कधी गेला नव्हता. तिथं त्याचं काही नाही. सकाळी थंडी असते, कोयत्याला धार असते, दहिवरानं पाय भिजतात, घाणेरी मुळासकट उपटून येते तेव्हा मातीचा एक वास येतो, आणि कधी कधी तासभर, आई, पूर्ण तासभर मला तो आठवत नाही. मला ते काम आवडतं. त्याच्यासाठी नाही, कुणासाठीच नाही, मला आवडतं म्हणून मी जाते. घरात हे सांगता येत नाही. तुला सांगितलं असतं, पण तू समोर असतीस तर मला तेही जमलं नसतं.